शेजारचा मजला

शेजाऱ्याने आपल्या घरावर आणखी एक मजला चढवावयास घेतला, की माणसाच्या मनात ज्या भावना दाटून येतात त्यांची नीट वर्गवारी आजवर कोणी केलेली नाही. त्यांत थोडी असूया असते, हे कबूल केले पाहिजे. पण सगळीच असूया नसते. आपल्या अंगणात सकाळी आठ वाजता पडणारे ऊन यापुढे दहा वाजता पडणार, तुळशीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे वरच्या खिडकीतून चार नवे डोळे पाहणार, आणि आडाचे पाणी, जे आधीच वैशाखात तळाला जाते, ते आता आणखी दहा घागरींत वाटले जाणार, ही भीती काही काल्पनिक नव्हे. वाड्याच्या भांडणापासून मुंबईच्या पन्नास मजली मनोऱ्यांवरील खटल्यांपर्यंत ही एकच भीती निरनिराळे पोशाख करून वावरताना दिसते. तिचा इतिहास रंजक आहे, आणि वाटतो तितका सरळही नाही.

गोदावरीच्या दक्षिणेला, बीड जिल्ह्यात, गेवराई हे तालुक्याचे गाव आहे. इथून जवळच राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाचा तिथे पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या लढाईनंतरही मुलूख मात्र दीर्घकाळ निजामाकडेच राहिला, तो थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. या भागातील जुनी घरे माळवदाची. जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, आणि त्या मातीतून खाली उजेड यावा म्हणून ठेवलेले सवणे. ज्याने माळवदाचे घर पाहिले नाही त्याला सवण्याची महती सांगून कळावयाची नाही. दुपारी त्यातून उन्हाचा एक गोल कवडसा जमिनीवर उतरतो, आणि घरातली म्हातारी माणसे तो कुठवर सरकला यावरून वेळ सांगतात. उन्हाळ्यात सगळे बिऱ्हाड रात्री माळवदावर निजते. अशा गल्लीत एखाद्याने दुसरा मजला बांधला की शेजाऱ्याचे माळवद हे निजण्याचे ठिकाण राहत नाही. बायकांना तर नाहीच. तेव्हा मजल्यावरून उठणारे भांडण मुळात अब्रूचे, मग उजेडाचे, आणि सर्वांत शेवटी पैशाचे.

हे भांडण फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरांविषयी जी प्रकरणे आहेत त्यांत दोन घरांमधील अंतर, पन्हळीचे पाणी कुठे पडावे, खिडकी किती उंचीवर असावी, याचे नियम आहेत, आणि ते मोडणाऱ्यास दंड आहे. घर विकावयाचे तर शेजारच्या चाळीस कुळांसमोर, त्या घराच्या दारातच, तसे जाहीर करावे, असेही तिथे म्हटले आहे. शेजारी कोण येणार हे शेजाऱ्यांना कळलेच पाहिजे, ही कल्पना म्हणजे आजच्या 'जाहीर नोटीस' या गोष्टीची आजीच म्हणावी लागेल. इंग्रजी अमदानीत १८८२ साली सुविधाधिकारांचा कायदा झाला. वीस वर्षे ज्या खिडकीने अखंड उजेड उपभोगला तिचा उजेड शेजाऱ्याला अडवता येणार नाही, असे त्याने ठरवले. मात्र नुकसान भरघोस असले पाहिजे, ही मेख त्यात होतीच. 'थोडा अंधार झाला' एवढ्यावर कोर्ट पाझरत नाही.

पण हे सारे एका खिडकीचे आणि एका भिंतीचे कायदे. सबंध रस्त्याचा, सबंध वस्तीचा प्रश्न मुंबईने उभा केला, आणि तोही एका उंदराच्या निमित्ताने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबई ओस पडली. ज्यांना गावाकडचा रस्ता होता त्यांनी तो धरला. सरकारला तेव्हा उमगले की ज्या चाळींत एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहतात आणि ज्यांच्या मधल्या गल्लीत भर दुपारी दिवा लागतो, तिथे नुसती औषधे फवारून भागणार नाही. १८९८ साली कायदा होऊन मुंबई सुधार मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', जन्माला आले. त्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड त्यांतलाच. आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या, भाताच्या खाचरांच्या जमिनीवर नवी उपनगरे आखली. दादर-माटुंग्याची योजना ती हीच.

या मंडळाचे अध्यक्ष ऑर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या डोक्यात उजेडाने घर केले होते. खोलीच्या खिडकीपुढे मोकळी जागा किती असावी, याचे उत्तर त्यांनी भूमितीत शोधले. भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात एक रेषा वर काढावी आणि समोरच्या इमारतीने ती ओलांडू नये. सोप्या भाषेत सांगावयाचे तर समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर तिच्यात आणि तुमच्या खिडकीत वीस फूट तरी अंतर हवे. सबंध मराठी मुलखात 'शेजारचा मजला किती उंच असावा' या प्रश्नाला एवढे नेमके उत्तर तोवर कोणी दिले नसेल. चाळमालक ऑरसाहेबांवर किती संतापले असतील याची कल्पना करावी. त्यांच्या लेखी प्रत्येक अंश म्हणजे बुडालेले भाडे होते.

आता यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही आज आपल्याला शांत, ठेंगणी, झाडांनी भरलेली वस्ती वाटते. पण ज्या काळी ती उभी राहिली त्या काळी ती दाटीचीच नवी रीत होती. मंडळाला आधी बंगले हवे होते. पण बंगला परवडणारे थोडे, आणि कचेरीत नोकरी करणारे, बऱ्यापैकी पगाराचे मध्यमवर्गीय लोक पुष्कळ. म्हणून तीन मजल्यांच्या इमारती आल्या, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडे आली, आणि घरातच न्हाणीघर व संडास आले. 'ब्लॉक' हा शब्द मराठीत रुळला तो याच सुमारास. वाड्यातल्या म्हाताऱ्यांना हे कबुतरखाने वाटले. घरात संडास म्हणजे धर्म बुडाला असे म्हणणारेही होते. आणि ज्या खाचरांवर हे सारे उभे राहिले त्यांत नांगर धरणाऱ्या जुन्या गावकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने त्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आज ज्या इमारतीला वाचवा म्हणून आपण हळहळतो, तिच्या पायाखाली कोणाचे तरी खळे होते.

याच वस्तीत मंचेरजी जोशी यांनी मंडळाकडून १०३ भूखंड मिळवून पारशी वसाहत वसवली. शेजारच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या दशकात 'राजगृह' बांधले, मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. त्याही आधी, १९१५ साली, गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली होती. या नावांवरून एक गोष्ट सहज दिसते. चांगली हवा, मर्यादित मजले आणि आपापल्या ज्ञातीचे शेजारी, हे तिन्ही बरेचदा एकाच पुडीत बांधून आले. 'आमच्या रस्त्याची शांतता' असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्यातली किती शांतता उजेडाची आणि किती 'आपल्यांची', हे तपासून घेणे बरे. अहमदाबादेतील एका पारशी गृहसंस्थेचा सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला, हे त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गेवराईहून मुंबईत पोट भरावयास गेलेल्या पोराला अशा रस्त्यावर खोली मिळाली नाही, तर त्याला त्या रस्त्याच्या वारसामूल्याचे कौतुक कसे वाटावे? मुंबईत मजले वाढले नाहीत तर तो कुठे राहणार, हा प्रश्न विरोधकांनी टाळून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर गणित बदलले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडे गोठल्यावर मालकाने दुरुस्तीला हात का लावावा? चाळी जीर्ण झाल्या, आणि १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी वेगळे मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला. १९६३ साली मालकी तत्त्वावरील सदनिकांचा कायदा आला आणि 'फ्लॅट विकत घेणे' ही गोष्ट सर्वमान्य झाली. याच सुमारास मुंबईच्या विकास आराखड्याने एक नवे माप आणले, चटई क्षेत्र निर्देशांक. नाव ऐकून वाटते की कोणी चटया मोजतो आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करावयाचे, ते हे माप. शहरात बहुतेक ठिकाणी ते १.३३ ठरले, उपनगरात १. ऑरसाहेबांची तिरपी रेषा उजेड मोजीत होती. नवा निर्देशांक जमिनीवर उभी राहणारी किंमत मोजू लागला. माझ्या मते मुंबईच्या घरबांधणीच्या इतिहासातील खरे वळण ते हेच. कोन विकत घेता येत नव्हता. निर्देशांक विकत घेता येऊ लागला. १९९१ च्या नियमावलीत तर एका ठिकाणचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या ठिकाणी नेऊन वापरण्याची, म्हणजे तो विकण्याचीही, सोय झाली. पुढे अधिमूल्य भरले की मोकळ्या जागेच्या उणिवेकडेही काणाडोळा होऊ लागला.

विरोधकांच्या हाती या काळात दोन मोठी शस्त्रे आली, आणि दोन्ही न्यायालयांतून आली. उडुपी गावातल्या एका राहत्या वस्तीत नगरपालिकेने मंगल कार्यालयाच्या जागी सिनेमागृहाला परवानगी दिली. रामदास शेणॉय नावाच्या एका रहिवाशाने त्यावर दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली निकाल लागला तो असा, की नगररचनेची योजना ही रहिवाशांच्या हितासाठी असते, ती पालिकेनेच मोडली तर रहिवाशाला ती पाळावयास लावण्याचा हक्क आहे, आणि बांधणाऱ्याने आतापर्यंत किती पैसे घातले याचा विचार करण्याचे कारण नाही. एका गावातल्या एका गल्लीने मिळवलेला हा निकाल पुढे देशभर उपयोगी पडला. दुसरे प्रकरण मुंबईच्या भुलाभाई देसाई रस्त्यावरचे. 'प्रतिभा' नावाची ३६ मजली इमारत मंजुरीपेक्षा जास्त बांधली गेल्याचे महापालिकेने १९८४ साली ठरवले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीचे म्हणणे फेटाळले आणि वरचे आठ मजले पाडले गेले. उंच मजला पाडलाही जाऊ शकतो, हे मुंबईकरांनी त्या वेळी डोळ्यांनी पाहिले. पुढे ती इमारत वर्षानुवर्षे ओसाड उभी होती.

१९९५ साली मुंबईत वारसा जपण्याचे नियम आले. त्या यादीत गिरगावची खोताची वाडी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली आणि लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिन्याची, कौलारू घरे उभी राहिली. एके काळी ती ६५ होती. आज तिशीच्या आत उरली आहेत. वाडीतल्या रहिवाशांनी मनोऱ्यांविरुद्ध बरीच झुंज दिली, पण यादीत नाव असूनही घरे गेली, ही वस्तुस्थिती आहे. कारण घर एकट्याचे असते आणि वाडी सगळ्यांची. घरमालकाच्या चार मुलांत वाटणी व्हावयाची तर एक लाकडी घर चार ठिकाणी कापता येत नाही. विकता मात्र येते.

आणि आता शिवाजी पार्क. हे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. १९२५ साली महापालिकेने हे मैदान खुले केले, १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवरायांचे नाव मिळाले, आणि मैदानाभोवती तीन-चार मजल्यांच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती आल्या. मराठी मध्यमवर्गाचा हा जणू राजवाडाच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच गाजल्या. याच रहिवाशांच्या प्रयत्नाने २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने हे मैदान शांतता क्षेत्र ठरवले. तेव्हा असे वाटावे की आपल्या वस्तीला कोणी 'वारसा' म्हटले तर हे लोक पेढे वाटतील. २०१२ साली महापालिकेने वारसास्थळांची नवी यादी प्रसिद्ध केली आणि तीत शिवाजी पार्कचा परिसर आला. झाले उलटेच. रहिवासी रस्त्यावर उतरले ते यादीविरुद्ध! राजकीय पक्षही त्यांच्या बाजूने धावले. हरकती इतक्या आल्या की त्या ऐकण्यासाठी समिती नेमावी लागली.

हसण्याआधी त्या माणसांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. इमारत सत्तर वर्षांची. जिना आहे, उद्वाहन नाही. तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या आजी राहतात आणि गेली कित्येक वर्षे खाली उतरलेल्या नाहीत. गच्चीतून पाणी गळते. पुनर्विकास झाला तर मोठी जागा, नवे नळ, वर जाण्यासाठी पाळणा, आणि मुलाला त्याच इमारतीत वेगळी खोली. वारशाची पाटी लागली तर खिडकीची चौकट बदलण्यासाठीही परवानगी. शेजारच्या उंच इमारतीला विरोध करणारा माणूस आपल्या स्वतःच्या इमारतीला उंच व्हावयास परवानगी मागतो, यात विसंगती आहे खरी. पण ती त्याच्या मनातली नाही. ती निर्देशांकाने त्याच्या घरात आणून ठेवलेली आहे. घर राहण्याचे आणि घर विकण्याचे, या दोन किमती इतक्या दूर गेल्या की दोन्ही एकाच उंबरठ्यात मावेनाशा झाल्या. दुसऱ्या बाजूला अल्पमतातल्या रहिवाशाचेही हाल पाहावेत. सोसायटीच्या पुनर्विकासाला पूर्वी पाऊणपट संमती लागत असे, २०१९ च्या सरकारी निर्देशांनी ती ५१ टक्क्यांवर आली. म्हणजे शंभरांतल्या एकोणपन्नास घरांना नको असले तरी इमारत पडते. त्या एकोणपन्नासांत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी असतील तर त्यांना भाड्याच्या घरात हलवले जाते, आणि नव्या इमारतीचे काम लांबले तर त्या परत येतात की नाही, हे कोणी मोजीत नाही.

रहिवाशांचा विरोध यशस्वी झाला तो २०१५ साली. फेब्रुवारीत मुंबईच्या पुढील वीस वर्षांचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात काही ठिकाणी निर्देशांक आठपर्यंत नेण्याचा मानस होता. आठ! जिथे एक इमारत उभी आहे तिथे आठांएवढी. जुनी गावठाणे, देवळे, चर्च, शाळा नकाशावर भलत्याच रंगांत रंगल्या होत्या. हरकती आणि सूचना साठ हजारांहून अधिक आल्या. गावठाणातला ईस्ट इंडियन म्हातारा, पार्ल्यातली शिक्षिका, वास्तुविशारद, झाडे मोजणारी मुले, सगळ्यांनी कागद भरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा मागे घेऊन पुन्हा करावयास सांगितला. दुरुस्त नियमावली २०१८ साली लागू झाली. लाठी नाही, मोर्चाही फारसा नाही, आणि कारकुनाच्या टेबलावर कागदांचा ढीग. अर्थात दुरुस्तीनंतरही निर्देशांक वाढलाच. तो आठ झाला नाही, इतकेच.

हे सगळे गेवराईला काय म्हणून सांगावे, असे कोणी विचारील. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला तेव्हापासून त्याच्या दोन्ही अंगांना कापसाच्या आणि उसाच्या जमिनी भूखंडांत मोजल्या जात आहेत. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जावे, हेच दृश्य. गुंठ्यांनी तुकडे पाडून बांधलेली घरे नियमित करण्याचा कायदा २००१ सालचा. त्याची मुदत २०२१ साली पुन्हा वाढवली गेली. २ डिसेंबर २०२० रोजी मुंबई वगळता जवळजवळ सबंध राज्यासाठी एकच एकत्रित नियमावली लागू झाली. ती गेवराईच्या नगरपरिषदेलाही लागू आहे. पुण्यासाठी जी भाषा तीच माळवदाच्या गल्लीसाठी: चटई क्षेत्र, अधिमूल्य, हस्तांतरणीय हक्क. ज्या गल्लीत अजून बैलगाडी वळत नाही तिथे बहुमजली इमारतीचे गणित येऊन ठेपले आहे. अग्निशामक बंब तिथे वळेल का, सांडपाणी कुठे जाईल, आणि ज्या गावाला उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते त्याने चाळीस बिऱ्हाडांचे पाणी कुठून आणावे, हे प्रश्न गणितात नसतात.

तरीही मराठवाड्याने मुंबईचा कित्ता जसाच्या तसा गिरवू नये, असे मला वाटते. इथे दाटी वाढल्याशिवाय गाव जगणार नाही. दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे परत येतात तेव्हा त्यांना टिकाऊ छप्पर हवे असते, आणि आज माळवदाची दुरुस्ती करणारा कारागीर शोधूनही मिळत नाही. पांढरी मातीही मिळत नाही. पत्रा आणि सिमेंट हे उपरे नाहीत, गरजेतून आलेले आहेत. तेव्हा मजला चढू नये असे म्हणण्यात अर्थ नाही. किती चढावा आणि शेजाऱ्यापासून किती दूर चढावा, हे विचारता येते. ऑरसाहेबांची रेषा काढण्यासाठी शंभर वर्षांनंतरही शाळेतल्या कंपासपेटीपलीकडे काही लागत नाही.

आणि विचारावयाचे ठिकाणही ठरलेले आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा झाला की तो लोकांसमोर मांडावा लागतो, हरकतींसाठी मुदत द्यावी लागते, हरकत घेणाऱ्याला बोलावून ऐकावे लागते. नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लागतो. त्यात आपली गल्ली शोधण्यास थोडा वेळ लागतो, कारण त्यावर गल्ल्यांना नावे नसतात, क्रमांक असतात. सोबत सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक न्यावे, म्हणजे क्रमांक जुळवता येतो. हरकत साध्या कागदावर, मराठीत लिहून चालते. दोन प्रती कराव्यात आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यावा.